सहा सोमवार

शोभाने क्रोटनच्या मातीत बोट खुपसलं. दोन पेरांपर्यंत ओल होती.

मागे तिचा नवरा हिलाल टेम्पोतून तिचं शिलाई मशीन उतरवत होता. प्लेगच्या भीतीने सुरतमधलं पांडेसरा सोडून सहा आठवडे झाले होते. दिवाळीही गावीच झाली. तरी अंगणातली अशोक, कुंती, कण्हेर, क्रोटन, चारही झाडं तजेलदार होती. ती अंगणापलीकडच्या खोलीतल्या भाईदासअप्पांनी निवडलेली.

"मोगरा नको, पोरी. थंडीत नुसत्या काड्या बघत बसशील. बारा महिने पान धरतं तेच लाव."

झाडं गिरणीतल्या रंगाच्या रिकाम्या डब्यांत होती. प्रत्येक डब्यावर अप्पांनी चार बाजूंना चार पट्टे ओढले होते: लाल, पिवळा, निळा, हिरवा. दर सोमवारी डबा पाव फेरा फिरवायचा, पुढचा पट्टा भिंतीकडे आणायचा. म्हणजे झाड उन्हाकडे कलत नाही.

ती दोघं निघाली तेव्हा लाल पट्टा भिंतीकडे होता. आता निळा होता. शोभाने बोटांवर मोजलं. सहा सोमवार. बरोबर.

"अप्पांनी सांभाळली म्हणायची," हिलाल म्हणाला.

समोरच्या सुभद्राबाई झाडू घेऊन दारात आल्या.

"कोण, भाईदास? तुम्ही गेलात आणि तिसऱ्या दिवशी त्याला ताप भरला. दवाखान्यातून परत आलाच नाही. त्यानंतर या अंगणात कुणी पाऊल टाकलं नाही."

"मग पाणी कुणी घातलं?"

"मला काय विचारतेस? मी माझ्या तुळशीला घालत नाही."

हिलालने मशीन खाली ठेवलं आणि तो त्या मशीनकडेच बघत राहिला. गावी निघायच्या दिवशी टेम्पोत एका माणसापुरती जागा उरली होती. अप्पा गाठोडं घेऊन उभे होते. शोभाने त्या जागेवर मशीन ठेवायला लावलं होतं आणि ती म्हणाली होती, "झाडांकडे बघाल ना, अप्पा?"

अप्पा गाठोडं घेऊन आत गेले होते.

संध्याकाळी ती त्यांच्या कुलूपबंद दारापाशी गेली.

"आम्ही आलो, अप्पा. आता राहू द्या."

त्यानंतर माती वाळू लागली. शोभा पाणी घालायची, पण डबे फिरवायला तिचा हात धजला नाही. दोन सोमवार निळा पट्टा भिंतीकडेच राहिला.

तिसऱ्या सोमवारी दात घासता घासता हिलाल थबकला.

"कललीत बघ सगळी. फिरव की."

ऊन पूर्वेकडून, रस्त्याच्या बाजूने येत होतं. चारही झाडांचे कोवळे शेंडे पश्चिमेला वळले होते, अप्पांच्या दाराकडे. तिथे पुढे आलेल्या पत्र्याखाली दिवसभर सावली असे.

शोभाने क्रोटनचा डबा दोन्ही हातांनी धरला. फिरवला नाही.