सुमीचा पुढचा दात

दातांचे डॉक्टर तोंडात घालायच्या छोट्या आरशाच्या दांडीनं सुमीच्या दातांवर हलकेच ठोकत. बाकीचे दात मऊ, दबका नाद देत. वरचा पुढचा एक मात्र काशाच्या वाटीसारखा टणटणत असे. तो ऐकला की डॉक्टरांचा चेहरा उतरे. सुमीला तो आवाज फार आवडायचा.

सुमी माझी धाकटी बहीण, नऊ वर्षांची, हसणं अंगात न मावणारी. नागभीडजवळच्या आमच्या गावात, वैशाखाच्या पांढऱ्याफटक उन्हात ती हापशीच्या दांड्याला लोंबकळली. हात निसटला, दांडा उसळला आणि दात मुळासकट मातीत पडला. तो मी शोधला. डॉक्टरांकडे मळका कसा न्यायचा, म्हणून राखेनं तांब्यासारखा लखलखीत घासला, मुळावरचा बुळबुळीत पापुद्रा निघून जाईपर्यंत.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी तो पुन्हा बसवला, तारेनं शेजारच्या दातांना बांधला, पुढे नस काढून औषध भरलं. दर तीन महिन्यांनी आई आम्हा दोघींना एसटीच्या लाल गाडीनं नेई. एक्स-रेचा इवलासा काळा तुकडा ते खिडकीच्या उजेडात धरत. त्यातली मुळाची धूसर छाया दर खेपेला थोडी आखूड झालेली असे. एकदा आई सुमीला पाणी पाजायला बाहेर गेली, तेव्हा त्यांनी मला विचारलं, "दात कोणं धुतला होता?"

"मीच. राखेनं."

त्यांनी तो तुकडा पुन्हा उजेडात धरला. "मुळावरचा पापुद्रा जित्ता असते, पोरी. तो गेला का हाड मुळाले चिकटते, म्हणून दात असा वाजते, अन् मंग हाड मुळाले खाऊन टाकते. आता मी फक्त दिवस लांबवून राह्यलो."

मी कोणाला सांगितलं नाही. सुमी वाढत गेली, बाकीचे दात तिच्यासोबत खाली उतरले. तो एकटाच वर, नऊ वर्षांचा राहिला. पाहुण्यांपुढे ती ओठ उचलून दाखवायची, "बाईनं मातीतून हुडकला, म्हणून वाचला माहा दात." थोरली म्हणून ती मला बाई म्हणे. आता सांगून टाकावं, असं दर वेळी वाटे, आणि मी उठून चुलीपाशी जाई.

तिला बारावं लागलं त्या उन्हाळ्यात, तेंदूचं पिकलं टेंभरू चावताना तो तुटला. मूळ उरलंच नव्हतं. सुमीनं तो माझ्या तळहातावर ठेवला.

"बाई, धुऊन दे ना. डॉक्टर बसवून देईन पुन्हा."

मी तो हापशीच्या धारेखाली नुसता धरला, बोटही लावलं नाही.

सुमीच्या तोंडातली ती पोकळी खोट्या दातानं कधीच भरली, आणि ती अजून तशीच हसते. माझं न सांगितलेलं मात्र इतक्या वर्षांत जागचं हललेलं नाही, आणि तिनं बाई म्हणून हाक मारली की ते अजून वाजतं.