दहापट डोस

वहिनी औषधाचे रेणू बनवायची आणि तिची नणंद ते पेशींवर तपासायची. एकाच घरात नांदायचं आणि एकाच लॅबमध्ये राबायचं, अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

वहिनीच्या नव्या रेणूला दोन हात होते. एका हाताने तो कॅन्सर वाढवणारं प्रोटीन धरायचा, दुसऱ्याने पेशीतली कचरा उचलणारी यंत्रणा, आणि दोघांची गाठ घालून द्यायचा. मग यंत्रणा त्या प्रोटीनचा फडशा पाडायची. निदान कागदावर तरी. या रेणूपायी वहिनीने तीन वर्षं रक्ताचं पाणी केलं होतं, आणि मंगळवारच्या बैठकीत गुण दिसला नाही तर साहेब तो कायमचा बंद करणार होते.

नणंद डोस देताना हात आखडणार, याबद्दल वहिनीला तिळमात्र शंका नव्हती. चहात साखर घालतानाही जिच्या जिवावर येतं, ती दुसरं काय करणार? म्हणून तिने फॉर्मवर नेहमीच्या दहापट डोस लिहिला आणि थेंबभरही कमी नको, असं बजावलं. नणंदेने एवढ्याची गरज आहे का विचारलं. वहिनीने तिला आपलं काम करायला सांगितलं.

सोमवारी पेशींत किती प्रोटीन उरलं ते दाखवणारी फिल्म आली. प्रोटीनचा काळा पट्टा जसाच्या तसा होता. वहिनीच्या पायाखालची जमीन सरकली. जेवणाच्या सुट्टीत, पूर्ण डोस दिलाच नाहीस म्हणत, तिने चारचौघांत नणंदेला खोटारडी ठरवलं, लग्नापासूनची उणीदुणी काढली. नणंद अर्धा डबा तसाच बंद करून उठली.

मंगळवारी साहेब यादीतल्या रेणूवर काट मारणार, तोच नणंदेने दुसरी फिल्म पुढे सरकवली. दहापट डोस दिला त्याच दिवशी तिने शेजारच्या पेशींना परस्पर नेहमीचा डोसही देऊन पाहिला होता. त्यात पट्टा नावालाही उरला नव्हता.

"रेणू फार झाले की एक प्रोटीनला धरून बसतो, दुसरा यंत्रणेला," ती साहेबांना म्हणाली. "मग गाठ घालायची कुणी?"

वहिनीचे कान तापले. नव्या मुलांना दरवर्षी हे तीच शिकवायची. फॉर्म भरताना मात्र तिच्या डोळ्यांपुढे पेशी नव्हत्याच, फक्त नणंद होती.

बैठक संपल्यावर तिने नणंदेला दारात गाठलं. "कालच का नाही सांगितलंस?"

"सांगणारच होते. पण तुम्ही चारचौघांत बोललात ना, वहिनी? मग मीही चारचौघांतच बोलले."

"आणि मला वाचवलंस कशाला?"

"तुम्हाला कोण वाचवतंय? रेणू चांगला आहे."

रेणू पुढे न्यायचा, असं साहेबांनी ठरवलं होतं. यापुढे त्याचा डोस नणंदच ठरवेल, हेही त्यांनी लिहून टाकलं होतं. त्यापेक्षा तो बंद पडला असता तर बरं झालं असतं, असं वहिनीला वाटलं, आणि तसं वाटल्याची तिला लाजही वाटली नाही.