हाताला लागणारं घर

मास्तरांचे डोळे गेले होते, पण त्यांनी ते कुणाला कळू दिलं नव्हतं. कळलं तर लेक आपल्याकडे घेऊन जाईल आणि स्वतःच्या घरात मरायचं राहून जाईल, एवढीच त्यांना धास्ती. जन्म शिवणकामात गेलेला, त्यामुळे हात शहाणे होते. पलंगाची कड सुटली की शिवणयंत्राचं चाक हाताला लागे. चाकानंतर कपड्यांची गाठोडी, मग लोखंडी कपाट, आणि कपाटाच्या कोपऱ्याशी वळलं की स्वयंपाकघराचं दार. पाहणाऱ्याला ती अडगळ वाटे. मास्तरांची ती वाट होती.

लेक आली ती बाह्या सरसावूनच. नवरा गेल्यावर तिने आपलं घर रिकामं केलं होतं. नको ते सगळं देऊन टाकलं, तेव्हा कुठे तिला नीट झोप लागायला लागली. तेच सुख बापाला द्यावं म्हणून ती आली होती.

"अण्णा, हे घर आहे की भंगाराचं दुकान?"

"दुकान असतं तर गिऱ्हाईक तरी आलं असतं."

"हसण्यावारी नेऊ नका. हे मशीन शेवटचं कधी चालवलंत?"

"हल्ली तेच मला चालवतं."

"काहीतरीच तुमचं! शिवण शिकणाऱ्या बायका आहेत, त्यांना देऊ या."

नको म्हणावं तर कारण सांगावं लागणार. मास्तर म्हणाले, "ने."

गाठोडी गेली. कपाटापाशी मात्र ते अडले. "ते राहू दे गं. तुझ्या आईचं आहे."

"आई कपाटात नाही, अण्णा," ती हळूच म्हणाली. कपाटही गेलं.

टेम्पो निघून गेल्यावर तिने फरशी पुसून काढली. "बघा, कसं लख्ख दिसतंय!"

"हो. लख्ख," पलंगावर बसलेले मास्तर म्हणाले.

थोड्या वेळाने आतून हाक आली, "अण्णा, चहा होतोय. इकडेच या."

मास्तर उठले. पलंगाची कड सोडून हात पुढे केला. तो पुढे जात राहिला, बोटांना काहीच भेटेना. आणखी दोन पावलं टाकली. तिची हाक पुन्हा आली, पण रिकाम्या खोलीत ती चारी भिंतींवरून आल्यासारखी वाटली. आपलं तोंड कुठल्या बाजूला आहे, हेच त्यांना उमगेना.

ती दारात आली. "तिकडे कुठे, अण्णा? तिकडे खिडकी आहे!"

ते वळले, पण जरा जास्तच वळले. कुणाच्या तरी घरी चुकून शिरलेल्या माणसासारखे ओशाळून हसले. "बोलत राहा. बोललीस की कळतं."

तिने जवळ जाऊन त्यांच्या डोळ्यांसमोरून हात फिरवला. पापणी लवली नाही.

"कधीपासून?"

"झाले की बरेच दिवस. सवय झाली होती."

"मला सांगायचं ना हो!"

"सांगितलं असतं तर नेलं असतंस."

तिने त्यांचा हात धरला. "मशीन परत आणते. कपाट आणते. सगळं होतं तसं लावून देते, अण्णा."

"लावशील गं. पण आता तुला कळलंय. ठेवशील मला इथे एकट्याला?"

तिने तोंड उघडलं, पण बापाशी खोटं बोलवेना. आत चहा उतू जाऊन शेगडीवर चरचरला.

"जा, आधी गॅस बंद कर," मास्तर म्हणाले. "मी कुठे जातोय? इथेच उभा आहे."