दोन गाड्या, एक नंबर

मास्तरांनी चौतीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवली, आणि त्यातली निम्मी तरी ओरडण्यात गेली. शिकवायच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक होता. त्यावर पाय ठेवून ते सगळ्यांना तीनच गोष्टी सांगत. पुढच्या गाडीपासून दोन गाड्यांचं अंतर ठेवायचं. आरशात बघितल्याशिवाय काही करायचं नाही. आणि एका फेरीत तीन चुका झाल्या की नापास, मग समोरचा कोणी का असेना.

नापास झाल्याचं सांगायची त्यांची रीतही ठरलेली होती. गाडी कडेला घ्यायला लावायची, हँडब्रेक ओढायला लावायचा, इंजिन बंद करायला सांगायचं आणि मग तोंडावर सांगायचं, "तुम्हाला गाडी येत नाही." चालत्या गाडीत वाईट बातमी दिली तर ऐकणारा कुठेतरी जाऊन आदळतो, असं त्यांचं म्हणणं. बँकेच्या मॅनेजरला त्यांनी असंच सांगितलं, सख्ख्या मेहुण्यालाही सांगितलं. मेहुणा पुढे वर्षभर बोलला नाही. मास्तरांना त्याचं काही वाटलं नाही, उलट कानाला विश्रांती मिळाली असं ते म्हणत.

आता चौऱ्याहत्तरी उलटली होती. शिकवायची गाडी केव्हाच गेली. राहिली होती स्वतःची जुनी निळी गाडी, आणि तिच्यावर मास्तरांचा जीव. तिचा टेप कॅसेटी गिळायला लागला तेव्हा ते आठवडाभर घरात कुणाशी धड बोलले नव्हते. मग मुलाने एक यंत्र आणलं, अंगठ्याएवढं. लायटरच्या भोकात खोचायचं, त्याला पेन ड्राइव्ह लावायचा, की ते गाणं हवेत सोडणार आणि गाडीचा रेडिओ ते पकडणार. रेडिओवर अठ्ठ्याऐंशी पॉइंट एक लावलं की काम झालं. मास्तरांची ऐंशी कॅसेटींमधली गाणी मुलाने नखाएवढ्या जागेत भरून दिली होती. पहिल्यांदा ती वाजली तेव्हा मास्तर गाडीतच बसून राहिले. जेवायला तीन हाका माराव्या लागल्या.

मुलाने स्वतःच्या गाडीसाठीही तसलंच यंत्र घेतलं. त्याचा फोन त्यावर चालायचा, गाणीही आणि आलेले फोनही.

"बाबा, माझा नंबर वेगळा ठेवतो," तो म्हणाला होता.

"कशाला? एकच ठेव. दोन-दोन नंबर कोण लक्षात ठेवत बसणार?"

मुलाने मान डोलावली. मास्तरांपुढे मान डोलावायची सवय त्याला शिकाऊ लायसन्सपासूनची होती.

त्या रविवारी सगळ्यांना मुलीकडे जेवायला जायचं होतं. मुलगी मोठी, मुलगा धाकटा. ती शेजारच्या गावात, तासाभराच्या अंतरावर राहत होती. सून आणि आठ वर्षांची नात चिमी आदल्या दिवशीच तिकडे गेल्या होत्या. सकाळी मुलगा म्हणाला, "बाबा, तुमची गाडीपण घ्या. बरेच दिवसांत लांब गेली नाहीये ती." एरवी मास्तरांनी किल्ली हातात घेतली की याच्या कपाळाला आठ्या. आज स्वतःहून म्हणतोय! मास्तर इतके खूश झाले की त्यांनी गाडीची काच दोनदा पुसली.

मुलाची पांढरी गाडी पुढे, मास्तरांची निळी मागे. दोन गाड्यांचं अंतर चोख. अर्ध्या वाटेवर मास्तरांच्या फोनची बॅटरी संपत आली, म्हणून त्यांनी लायटरच्या भोकातून यंत्र काढलं आणि तिथे चार्जर लावला. गाणं थांबलं. रेडिओ नुसता खरखरत राहिला.

पुढे पुलाचं काम चालू होतं. एकच बाजू उघडी, त्यामुळे रांग लागलेली. गाड्या गोगलगायीसारख्या सरकायला लागल्या आणि निळी गाडी पांढरीच्या जवळ गेली. तेवढ्यात रेडिओतून मास्तरांची मुलगी बोलली.

"बाळ्या, ऐकू येतंय ना?"

मास्तर सीटवरून उडालेच. त्यांनी मागे वळून बघितलं. मागची सीट रिकामी. फोनकडे बघितलं, त्यावर कुणाचाच कॉल नव्हता.

"तो माणूस साडेबाराला येतोय," रेडिओ म्हणाला. "गाडी बघेल आणि लगेच घेऊन जाईल. कागद आणलेस ना तू?"

मग नुसती खरखर. पांढऱ्या गाडीच्या मागच्या काचेतून मुलाचं डोकं हललं. त्याचे ओठ काही मास्तरांना दिसत नव्हते.

आता त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. मुलगा फोनवर बोलत होता. त्याला जे ऐकू येत होतं, तेच त्याचं यंत्र हवेत सोडत होतं, आणि एकाच नंबरामुळे मास्तरांचा रेडिओ ते झेलत होता. मुलाचं स्वतःचं बोलणं मात्र त्यात येत नव्हतं. ते फोनमधून थेट तिकडे जात होतं.

"नाही, मी नाही सांगणार," मुलगी म्हणाली. "जेवण झालं की तू त्यांना मागच्या खोलीत ने. तोवर तो गाडी घेऊन जाईल. नंतर काय ते बघू."

परवा 'विम्याचं काम आहे' म्हणून मुलाने कागद मागून नेले होते. आणि आज सकाळी लांब न्यायचं प्रेम उफाळून आलं होतं! घर नाही, दागिना नाही, एक गाडी, आणि तीही पोटची पोरं पाठीमागून काढून घेणार. ज्याला क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हे शिकवलं, तो!

रांग हलली. पांढरी गाडी पुढे गेली आणि आवाज विरला. मास्तरांनी पॅडल दाबलं आणि ते तिच्या मागे मागे गेले. दोन गाड्यांचं अंतर एक गाडी झालं, मग अर्धी, मग तेवढंही उरलं नाही. आवाज परत आला.

"...रडू नकोस रे. आधी गाडीकडे बघ." मुलीचा स्वतःचा आवाज ओला झाला होता. "मलाही बरं वाटत नाहीये. पण चिमी त्या दिवशी काय म्हणाली ते ऐकलंस ना? लाल दिवा होता आणि आजोबांनी थांबवलीच नाही. एक बाई लेकराला घेऊन मधोमध होती, ती किंचाळून मागे पळाली. आणि बाबा गाणं म्हणत होते, बाळ्या. चिमी म्हणाली, आजोबांनी आरशातपण बघितलं नाही."

लाल दिवा? कुठला लाल दिवा?

मास्तरांनी आठवून बघितलं. मंगळवारी चिमीला शाळेतून आणलं होतं. गाणं आठवलं, चिमीच्या हातातली पेन्सिल आठवली. मग चिमी एकदम गप्प झाली होती, तेही आठवलं. तिला झोप आली असेल असं त्यांना वाटलं होतं. लाल दिवा काही केल्या आठवेना. बाई नाही, लेकरू नाही, किंचाळी नाही. गाडी जाणार याचं दुःख त्यांना समजत होतं. हे मात्र त्यांना समजतच नव्हतं.

पांढऱ्या गाडीचे मागचे दिवे लागले होते. मास्तर त्या दिव्यांकडेच बघत होते आणि तरी ते त्यांना दिसले नाहीत. दिसले तेव्हा त्यांनी ब्रेकवर अख्खं अंग टाकलं. निळी गाडी कर्रकन थांबली. मध्ये चार बोटं राहिली असतील.

पुढे मुलाला काही कळलंसुद्धा नाही.

पूल संपला, रस्ता मोकळा झाला आणि आवाज गेला. मास्तरांनी पुन्हा अंतर ठेवलं आणि मनातल्या मनात चुकांची वही उघडली. अंतर ठेवलं नाही, एक. पुढचे ब्रेकचे दिवे बघितले नाहीत, दोन. जरा थांबावं म्हणून ते गाडी कडेला घ्यायला वळले, तर मागून मोटरसायकलवाला जोरात हॉर्न मारत, शिव्या देत अगदी घासून गेला. आरशात बघितलं नव्हतं. तीन.

मॅनेजरला सूट दिली नव्हती, मेहुण्याला दिली नव्हती. उरलेला रस्ता ते सायकलच्या वेगाने गेले.

मुलीच्या घराच्या फाटकाशी मुलगा आधीच पोहोचला होता. गाडी चालूच ठेवून तो खाली उतरला आणि वडिलांना जागा दाखवायला हातवारे करायला लागला. मास्तरांनी गाडी त्याच्या गाडीच्या मागे लावली. मग पुढचं दार उघडून उतरले, वळसा घालून आले आणि शेजारच्या सीटवर बसले.

"बस," स्टिअरिंगकडे बोट दाखवून ते म्हणाले.

"बाबा, आत चला ना. ताई वाट बघतेय."

"बस म्हटलं ना."

मुलगा बसला. चाळिशीचा बाप्या, पण स्टिअरिंगवर हात ठेवताना त्याची मान पुन्हा अठरा वर्षांच्या पोरासारखी खाली गेली.

"हँडब्रेक?"

"ओढलाय."

"इंजिन?"

मुलाने किल्ली अर्धी फिरवली. इंजिन बंद झालं, रेडिओ खरखरत राहिला.

"हं. सांग."

"काय सांगू?" मुलगा हसायचा प्रयत्न करत म्हणाला. "तुम्हाला बरं वाटत नाहीये का? घाम आलाय केवढा."

"बाळ्या, आहेस का रे?" रेडिओ म्हणाला. "पोहोचलात ना? बाबांना काही कळलं तर नाही?"

मुलाने रेडिओकडे बघितलं, समोर चालू असलेल्या स्वतःच्या गाडीकडे बघितलं. तिथे डॅशबोर्डवर त्याचा फोन तसाच होता, न तोडलेल्या कॉलसकट. मग त्याने वडिलांकडे बघितलं.

"पुलापासून ऐकतोय," मास्तर म्हणाले आणि त्यांनी रेडिओ बंद केला. "पण मला तिचंच ऐकू आलं. तुझं एक अक्षर आलं नाही. तू काय म्हणत होतास?"

"मी नको म्हणत होतो, बाबा."

"का?"

"तुमची गाडी आहे म्हणून."

"आणि त्या बाईचं लेकरू?"

मुलगा स्टिअरिंगकडे बघत राहिला.

"मी तुला असं शिकवलं होतं? मागच्या खोलीत न्यायचं आणि पाठीमागून गाडी लंपास करायची? गाडी थांबलीय, हँडब्रेक ओढलाय. माझ्याकडे बघ आणि नीट सांग."

शेवटी मुलाने वडिलांच्या डोळ्यांत बघितलं.

"बाबा," तो म्हणाला, "तुम्हाला आता गाडी येत नाही."

वाक्य मास्तरांचं होतं. चौतीस वर्षं त्यांनीच वापरलेलं, पुलापासून वाट पाहिलेलं, आणि आत्ता हट्टाने मागून घेतलेलं. तरी ते अंगावर आलं तेव्हा मास्तरांचा पाय जुन्या सवयीने पटकन पुढे गेला आणि ब्रेक शोधायला लागला. त्या बाजूला ब्रेक नव्हता.