बिनवायरीचा रेग्युलेटर

मी एका शिवणकामाच्या दुकानातला पंख्याचा रेग्युलेटर बोलतोय. गोल, पांढरा, अंगावर एक ते पाच आकडे.

कारखान्यात आम्ही शेकडो भावंडं एकाच दिवशी जन्मलो. बाकीची वाऱ्यावर हुकूम गाजवायला गेली. मी इथे आलो.

दुकान दोघांचं. वहिनी शिवतात, त्यांचे धाकटे दीर कापड कापतात. वहिनींना सदा उकडतं, भावजींना सदा थंडी वाजते. पंखा मात्र एकच, आणि तोही म्हातारा, एकाच वेगाने फिरणारा. "बंद करा!" "चालू करा!" असं दिवसभर चालायचं. शेवटी दुकानात मधोमध भिंत घालायची ठरली. पण पंखाही बरोब्बर मधोमध! गवंडी डोकं खाजवत परत गेला.

मग वायरमन आला. त्याने पंखा बघितला, दोघांची तोंडं बघितली आणि मला भिंतीवर ठोकलं. वायर जोडलीच नाही.

"घ्या, आता वेग तुमच्या हातात," म्हणाला.

आपल्या पाठीशी कोणी नाही, हे मला तेव्हाच कळलं. फार लाज वाटली हो.

भावजींनी मला एकावर आणलं. एक म्हणजे सगळ्यात हळू. "आता कसं! हाडं वाचली."

वहिनींनी मान वर केली. त्यांच्या लेखी एक म्हणजे एक नंबर, सगळ्यात भारी. "एकावर आहे होय? तरीच झुळूक लागतेय!"

दोन वर्षं भांडण नाही की भिंतीचं नाव नाही. एवढा विश्वास टाकतात, म्हणजे आपल्यात काहीतरी असणारच, असं मलाही वाटू लागलं. शेजारच्या बटणांशी मी जरा तोऱ्यातच वागायचो.

एकदा वहिनींची लेक दुकानात आली. "आई, एक म्हणजे सगळ्यात हळू गं!"

झालं. वहिनींना त्याच क्षणी दरदरून घाम फुटला. "दोन वर्षं मला उकडत होतं आणि मला कळलंसुद्धा नाही!" त्यांनी मला पाचावर नेलं. भावजींना लगेच तीन शिंका आल्या.

"वहिनी, मला मारता काय?"

"बोलवा त्या गवंड्याला. आजच भिंत!"

आधी वायरमन आला. पंखा भिंतीच्या एका बाजूला न्यायचा तर वायर कुठून आणायची ते बघायला, स्वतःचीच जुनी करामत विसरून, त्याने मला उघडलं. मागे नुसतं भोक.

दोघांनी आळीपाळीने भोकात डोकावून बघितलं.

"मग इतके दिवस मला थंडी वाजत नव्हती, ती कोणामुळे?" भावजी पुटपुटले.

"आणि मला गार वाटायचं ते?" वहिनी म्हणाल्या.

वायरमनने मान खाली घातली. "जोडून देऊ का?"

"नको!" दोघं एकदम ओरडले.

वहिनींनी पदराने घाम पुसला. "पण भावजी, आता एकावर नाही हं. तीन."

"तीनवर मला वारा झोंबतो."

"बरं, दोन?"

भावजींनी पंख्याकडे बघत बराच विचार केला. "दोन चालेल."

भिंत झाली नाही. मी अजून दोनवर आहे. आता मला लाजही वाटत नाही, तोराही उरला नाही. तुम्ही कधी ब्लाउज शिवायला आलात, तर एवढीच विनंती, मला तीनवर नेऊ नका. भावजींना सर्दी होते.