आमच्या वाट्याला आलेला बॅक

मुश्ताक मुजावर आमच्या टीमला मिळाला त्या दिवशी अख्खं वर्कशॉप नाचत होतं. मी तेवढा तोंड पाडून बसलो होतो.

१९९७ सालची गोष्ट. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातल्या आठ वर्कशॉपांच्या दर शुक्रवारी फुटबॉलच्या मॅच व्हायच्या. चांगले गडी एकाच टीमने पळवू नयेत म्हणून मोसमाच्या सुरुवातीला नव्याने आलेल्या खेळाडूंतून प्रत्येक कप्तान पाळीपाळीने एकेक जण उचलायचा. मागच्या वर्षी आम्ही तळाला होतो, म्हणून पहिला मान आमचा. आमच्या कप्तानाने, सतीशने, सरळ मुश्ताकचं, म्हणजे एका बचावपटूचं, नाव घेतलं.

"अरे, पहिल्या नंबरला बॅक कोण घेतं? स्ट्रायकर घे की!" मी ओरडलो.

"दौलतभाई, तुमचीच कॅसेट ऐकून घेतला," सतीश हसत म्हणाला. "आता खलास, यल्ला, चला, चहा पाजा."

कॅसेट माझीच होती, हे खरं. मी कोल्हापूरचा, मुश्ताकही तिथलाच, पण आमच्या पेठेविरुद्ध खेळणाऱ्या दुसऱ्या पेठेच्या टीमचा. आदल्या वर्षी या दोन पेठांत झालेल्या फायनलचा आवाज एका मित्राने मैदानात टेप करून मला पाठवला होता. शेवटच्या मिनिटाला मित्र ओरडून सांगतो, माझा धाकटा भाऊ विघ्नेश बॉल घेऊन एकटा पुढे निघालाय. मग चार-पाच सेकंद सगळं चिडीचूप. आणि मुश्ताकने बॉल काढून घेतला तशी एकदम आरोळी, "मुश्ताक! मुश्ताक!" खोलीतल्या पोरांनी ती आरोळी इतकी वाजवली की टेप घासली.

मला मात्र ती शांतताच टोचायची. तेवढ्या वेळात विघ्नेश घाबरला, असंच मी धरून चाललो होतो. फोनवर त्याला म्हणालोही, "एक माणूस चुकवता येईना तुला? पेठेची लाज घालवलीस." त्याने खेळणं सोडलं. वर्षभर तो माझ्या फोनवर आला नाही. आई म्हणायची, बाहेर गेलाय. मला ते रोज खात होतं, पण माझी अकड सुटत नव्हती.

पहिल्या मॅचला मुश्ताकला पाहून सगळे जरा गार पडले. खांद्यावर टॉवेल, पाय काटकुळे, अंगावर गाड्या रंगवण्याच्या कामाचे डाग. समोर धिप्पाड सुदानी फॉरवर्ड. आम्ही एक गोलने पुढे होतो आणि शेवटी-शेवटी तो सुदानी एकटाच सुटला. आडवा फक्त मुश्ताक.

मुश्ताक धावून गेलाच नाही. तो मागे सरकत राहिला, हळूहळू, त्याला डाव्या बाजूला रेटत. गडी थांबला, वळला, पुन्हा वळला. मैदान गप्प झालं. मी मनात मोजत होतो. एक, दोन, तीन, चार. आणि मुश्ताकने अलगद पाय घालून बॉल काढून घेतला. ना धक्का, ना फाऊल.

"मुश्ताक!" सगळ्यांत मोठ्याने मीच ओरडलो. काय माणूस होता! असा बॅक मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. आणि त्याच क्षणी कॅसेट ऐकून मी भावाला जे बोललो त्याची मला लाज वाटली. माझा भाऊ घाबरला नव्हता. त्याच्यासमोर हा उभा होता.

मॅचनंतर मुश्ताक स्वतःच जवळ आला. "दौलतदादा, विघ्नेश खेळतोय न्हवं अजून? त्या मॅचला त्यानं मला दोनदा चकवलं होतं. लई भारी पोरगं."

मी तसाच मळक्या कपड्यांनी फोनच्या बूथवर गेलो. आईला म्हणालो, "त्याला सांग, मुश्ताकबद्दल बोलायचंय." बऱ्याच वेळाने रिसीव्हर उचलल्याचा आवाज आला.

"विघ्नेश, मुश्ताक आता आमच्याकडे आहे. आज त्याला खेळताना बघितलं. माझं चुकलं रे. तुझं काही चुकलं नव्हतं."

पलीकडे चार-पाच सेकंद काहीच नाही. या वेळी मी गप्प राहिलो.

"दादा," तो म्हणाला, "बूट मी दुसऱ्याला देऊन टाकलेत. उद्या परत मागून घेतो."