आलं आणि शिसं

मळमळीवर सल्ला द्यायला पदवी लागत नाही. ह्यांचं औषध सुरू झालं आणि मला कळलं, की आपल्या ओळखीचं प्रत्येक माणूस मनातल्या मनात वैद्य असतं. खालच्या मजल्यावरची म्हणाली, लिंबाची साल हुंगायला द्या. इस्त्रीवाला म्हणाला, बडीशेप चघळू द्या. ह्यांची थोरली बहीण, आमच्या ताई, फोनवरून कधी पुदिना, कधी बर्फाचा खडा, कधी जिऱ्याचं पाणी सुचवायच्या. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? भांडं धरून उभी राहायची मी.

मी तोंडाची फटकळ आहे, मान्य. पण कुणाचं काही सोडलं नाही, सगळं करून पाहिलं. तळणीचा वास सोसेना, तळण बंद केलं. गरम अन्नाची वाफ नाकात गेली की उमळून यायचं, मग सगळं गार करून वाढायला लागले. सकाळी डोळे उघडले की उठायच्या आधी कोरडा टोस्ट. जेवताना पाणी नाही, मधेमधे घोट घोट. उकडलेला बटाटा, केळं, मीठ लावलेला गार भात. आणि सगळ्याच्या आधी आलं. किसायचं, पिळायचं, त्या रसात लिंबू आणि कणभर मीठ, आणि चमच्या चमच्याने द्यायचं.

कारण डॉक्टरीणबाईंनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. औषध जहाल आहे, अंगात ताकद असेल तरच देता येतं. वजन ठरलेल्या आकड्याखाली उतरलं, की थांबवायचं. थांबवलं की माणूस संपला, असं त्या म्हणाल्या नाहीत, पण आम्ही काय दूधखुळे होतो? तेव्हापासून माझा सगळा जीव त्या वजनकाट्यात अडकला.

आणि काटा हलत नव्हता. ओकाऱ्या व्हायच्या, गालफडं बसत चालली होती, पण वजन जिथल्या तिथे. मी ताईंना सांगून टाकलं, "तुमचा पुदिना तुमच्याकडेच ठेवा. आल्याने तग धरलाय त्यांनी." दवाखान्यातल्या बाकावर शेजारी बसणाऱ्या बायकांना मी कृती सांगायची. साल चमच्याने खरवडायची, सुरीने सोलायची नाही, असं अगदी बजावून. हे बाजूला बसून गालातल्या गालात हसायचे. "हिचं आलं मेलेल्यालाही उठवेल," म्हणायचे.

आमचा धंदा पडदे शिवायचा. मशीन माझं. मापं घेणं, पडदे टांगणं आणि खालची दुमड हाताने घालणं त्यांचं. त्या दुमडीत शिशाची पट्टी घालतात, दोरीसारखी वळणारी. तिच्या वजनाने पडदा सरळ पडतो, वाऱ्याने उडत नाही. आजारपणात शिडीवर चढणं सुटलं, पण दुमड ते पलंगावर बसून घालायचे. हात चालू आहेत, एवढ्यावर मी समाधान मानत होते.

एका दिवशी दवाखान्यातून परतताना टॅक्सीतच ह्यांना ओकारी झाली. घरी आल्या आल्या त्यांना झोपवलं आणि पँट धुवायला घेतली. दवाखान्यात जाताना घालायची ती पँट ते कधी धुवायला टाकायचे नाहीत. "तासभर तर घालतो," म्हणायचे आणि स्वतःच्या हाताने घडी करून ठेवायचे. पिळताना जड लागली, पण ओलं कापड जडच असतं. गॅलरीत दोरीवर टाकली. वारा चांगलाच सुटला होता. माझा गाऊन, टॉवेल, चादर, सगळं फडफडत होतं. पँट मात्र जागची हलत नव्हती. दोन्ही पाय सरळ खाली, एक सुरकुती नाही.

उभा जन्म पडद्यांत गेलाय माझा. हात लावायची गरज नव्हती, तरी लावला. पायांच्या दुमडीत शिसं, कमरेच्या पट्टीत शिसं, खिशांच्या अस्तरात शिसं. टाके त्यांचेच, बारीक आणि एकसारखे. मी ती तशीच ओली ओढून खोलीत नेली.

हे जागे होते.

"हे काय आहे?"

"पट्टी."

"दिसतंय मला. कशाला घातलीत?"

"सरळ पडावी म्हणून," म्हणाले आणि हसायला गेले. मी हसले नाही. मग म्हणाले, "वजन केव्हाच खाली गेलं होतं गं. बंद केलं असतं त्यांनी औषध."

"मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? तू एवढं आलं किसत होतीस. बोटं सोलवटली तुझी."

राग आला मला. त्यांचा आला, आल्याचा आला, आणि बाकावरच्या बायकांना अक्कल शिकवणाऱ्या माझ्या तोंडाचा तर फारच आला. चांगलं सुनावणार होते, तेवढ्यात ते म्हणाले, "पुढच्या वेळी आणखी घालावी लागेल. पण खरं सांगू का, आता ही पँट घालून जिना चढवत नाही मला." शिसं वाढवायचं तर ते वाहायला माणूस हवा.

मी कात्री घेतली आणि उसवायला बसले. त्यांनी अडवलं नाही. पट्टी निघत गेली, ते छताकडे बघत राहिले.

पुढच्या खेपेला त्याच पँटमध्ये, पट्टा आवळून, ते वजनकाट्यावर उभे राहिले. नर्सने त्यांना उतरवून पुन्हा उभं केलं. आकडा तोच, घसरलेला. मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या झाडतील असं वाटलं होतं. त्यांनी नुसती ह्यांची फाईल पुढे ओढली.

"औषधाचं माप आम्ही वजनावरून ठरवतो," त्या म्हणाल्या. "त्यांच्या अंगाला झेपेल त्यापेक्षा जास्त जात होतं."

म्हणजे शिसं घातलं म्हणून औषध जास्त, औषध जास्त म्हणून ओकारी जास्त, आणि ओकारीने वजन उतरलं की पुन्हा शिसं. मी मधे उभी राहून आलं किसत होते.

ह्यांना बाहेर बसवून त्या माझ्याशी बोलल्या. औषध बंद. पुन्हा सुरू करण्यात अर्थ नाही, आजार पुढे गेलाय. "मळमळ थांबेल आता," त्या म्हणाल्या. "थोडे दिवस बरं वाटेल त्यांना. मागतील ते खाऊ घाला." ह्यांना मी एवढंच सांगितलं, की औषधाला सध्या सुट्टी दिलीय.

आणि थांबली खरंच. एका सकाळी सवयीने टोस्ट आणि आल्याचा रस त्यांच्यापुढे ठेवला आणि भांडं घेऊन उभी राहिले. त्यांनी टोस्ट संपवला. भांड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघं वाट बघत राहिलो. काहीच झालं नाही.

"अगं, राहिलं पोटात," ते म्हणाले. "तुझं आलं लागू पडलं शेवटी."

"सांगत नव्हते?" मी म्हटलं. आवाज नेहमीसारखा कडक निघाला, तेवढं नशीब.

"आणखी एक दे. लोणी लावून."

मशीनवर त्यांची ती पँट पडली होती. कमरेला फारच सैल झाली होती, म्हणून आत घ्यायला काढून ठेवली होती मी. त्यांचं लक्ष गेलं.

"ती कंबर आत घेऊ नकोस हं," ते म्हणाले. "असा खात राहिलो तर भरेन मी परत. पुन्हा काट्यावर उभं राहायचंय मला, बिनपट्टीचं."

"नाही घेत," मी म्हटलं. पँटची घडी घालून कपाटात ठेवली आणि टोस्टला लोणी लावायला घेतलं.